साखर उतरली म्हणून सांगितलं

त्या दुपारी मी जागी होते. हे आधी लिहून टाकते, नाहीतर बाकीचं सगळं लिहीन आणि हेच राहून जाईल.

नात झोळीत होती, दहा महिन्यांची. सून कंपनीत गेलेली, मुलगा टेंपो घेऊन चौक गावाला, आमचे हे शेतावर. घरात आम्ही दोघीच. मी भिंतीकडे तोंड करून चटईवर पडले होते. ताट झाकून ठेवलेलं तसंच होतं. नात उठली. आधी नुसती कुरकुरली, मग रडायला लागली. मला ऐकू येत होतं. उठायचं, चार पावलं टाकायची आणि झोळीला हात लावायचा, एवढंच काम होतं. पण मला वाटलं, आता गप्प बसेल. मग वाटलं, कुणीतरी येईल. घरात दुसरं कुणी नाही हे मला माहीत होतं, तरी वाटलं.

ती रडून रडून झोळीच्या कडेला आली आणि खाली पडली. खाली लाकडी पाट होता. त्याची कड तिच्या भुवईला लागली.

मग जे ओरडणं झालं ते ऐकून शेजारच्या घरातून माझ्या थोरल्या जाऊबाई धावत आल्या. त्या आल्या तेव्हा मी नुकती उठून बसत होते. त्यांनी पोरीला उचललं, पदरानं भुवई दाबली आणि माझ्याकडं बघितलं.

"अगं, केवढी रडतेय पोर! मला तिकडं परड्यात ऐकू आलं. तू काय मेली व्हतीस काय हितं?"

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "साखर उतरली व्हती जाऊबाई. डोळ्यांपुढं अंधारी आली."

हे शब्द मला कुठून सुचले तेही सांगते. मागच्या महिन्यात तालुक्याच्या दवाखान्यात रांगेत एक बाई घामाघूम होऊन खाली बसली होती. तिची साखर उतरली होती. सगळी रांग तिच्याकडं धावली. कुणी पाणी दिलं, कुणी लिमलेटची गोळी दिली, कुणी वारा घातला. तिला कुणी "काय झोपलीस काय" असं विचारलं नाही. ते माझ्या डोक्यात राहिलं असणार.

जाऊबाईंचा चेहरा एकदम बदलला. पोर काखेत धरून त्यांनी घरातल्या डब्यातली साखर पेल्यात घातली, बोटानंच ढवळली आणि माझ्या तोंडाला लावली. "पी. सगळं पी. माझं तोंड जळो, काय बोलले मी." मी सगळं पाणी प्यायले. माझी साखर त्या दिवशी वाढलेलीच असणार, कारण पाच दिवस मी माझ्या साखरेवरच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या. तरी प्यायले.

नातीला दोन टाके पडले. संध्याकाळी सून आली. पोरीला आधी घेईल असं मला वाटलं होतं, पण ती माझ्यापुढं बसली आणि रडायला लागली. "आई, तुमाला काय झालं असतं म्हंजे? मीच मूर्ख. आजारी माणसाच्या जिवावर पोर टाकून जाते." तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. तो मला चटका लागल्यासारखा लागत होता, पण मी गुडघा हलवला नाही.

आठ दिवसांनी तिनं कंपनीत सांगितलं की काही महिने येणार नाही. खालापूरकडच्या कंपनीत ती पॅकिंगला होती. लग्नाआधीपासूनचं काम होतं. नाक्यावर कंपनीची बस यायची, ती सात वाजता कपाळाला टिकली लावून, डबा घेऊन घरातून निघायची तेव्हा तिची चाल वेगळी असायची. आता ती घरात राहायला लागली, माझ्यावर लक्ष ठेवायला.

माझं असं का झालं होतं ते मला नीट सांगता येत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. दुखणं सांगायला जे शब्द मला येतात ते पोट, पाठ, डोकं, पाय यांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी मला साखर निघाली. पहिलं वर्ष ठीक गेलं. मग हळूहळू कशातच चव राहिली नाही. भाताचं पोतं भिजल्यावर जसं उचलता उचलत नाही, तसं अंग झालं. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा तो दिवस कधी संपेल हा. गोळी घ्यायची तर उठून पाणी आणावं लागणार, मग ती राहायची. आमचे हे म्हणायचे, "तिला कंटाळा हाय, दुसरं काय नाय." मलाही तसंच वाटायचं, की मी आळशी झाले आहे. पन्नाशी ओलांडल्यावर बाई आळशी झाली हे कुणाला सांगायचं? साखर मात्र सांगता येते. तिचा कागद असतो.

पुढच्या खेपेला दवाखान्यात सून माझ्याबरोबर आली आणि तिनंच डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "घाम आला होता का? हात थरथरत होते? छाती धडधडत होती?" मी प्रत्येकाला मान हलवली. ते म्हणाले, असं पुन्हा व्हायला नको, आणि त्यांनी संध्याकाळची गोळी अर्धी केली. खोटं बोलले मी, आणि गोळी त्यांनी त्या खोट्यावर बेतली.

घरी तर साखरेचं राज्य आलं. सुनेनं माझ्या पदराच्या गाठीत साखरेची पुडी बांधून ठेवली. जाऊबाई दिवसातून दोनदा डोकावायच्या. "काय गं, घाम नाय ना? हे घे, तोंडात टाक." लिमलेटच्या गोळ्या, गूळ, एकदा तर जिलबीचा तुकडा. मी नको म्हटलं तर म्हणायच्या, "परत पोरगी पाडायची हाय काय?" मग मी खायची. माझं अंग आणखी जड झालं, तहान लागायला लागली, रात्रीत चारदा उठावं लागायचं. महिन्यानं रक्त तपासलं तर साखर खूप वर गेलेली. डॉक्टर कागदाकडं बघत राहिले. गोळी कमी केल्यावर थोडी वाढेल, एवढी कशी वाढली? सून म्हणाली, "आई जेवतच नायत हो. बोलत पण नायत. दिवसभर पडून असतात." डॉक्टरांनी पहिल्यांदा मला नीट बघितलं, आणि म्हणाले, मागच्या खोलीत मनाच्या दुखण्यांसाठी ताई बसतात, त्यांच्याशी बोलून घ्या.

मला वाटलं, वेड्यांची खोली असणार. मी पदर डोक्यावरून पुढं ओढला. व्हरांड्यात आमच्या बाजूच्या दोन बायका बसल्या होत्या, त्यांनी मला त्या दारातून आत जाताना बघू नये म्हणून मी आधी पाणी प्यायला गेले, मग फिरून आले.

आत माझ्या मुलीच्या वयाची एक बाई होती. टेबलाच्या पलीकडं बसली नाही, खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसली. सुनेला तिनं बाहेर थांबायला सांगितलं. मला म्हणाली, "मावशी, आज काय बोलायचं नसेल तर नका बोलू. बसू दोघी." आणि खरंच बसली. मी जमिनीकडं बघत होते. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "बरं हाय." ती म्हणाली, "बरं असतं तर तुम्ही आला नसतात."

त्या दिवशी मी तिला एवढंच सांगितलं की अंग उचलत नाही. तिनं मला विचारलं की जीव नकोसा वाटतो का. इतकं सरळ मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मरायचं असं मनात नाय, पण सकाळ नको वाटते. तिनं मान हलवली, डोळे मोठे केले नाहीत. मग तिनं सांगितलं ते मला अजून पाठ आहे. साखर वाढली की अंग जड होतं. अंग जड झालं की मन बसतं. मन बसलं की माणूस हलत नाही, गोळी चुकते, आणि साखर आणखी वाढते. हे गोल फिरतं. कुठूनतरी एक टोक धरायचं. "मनाचं टोक हाताला लागत नाही लगेच," ती म्हणाली, "आपण पायाचं धरू. रोज अर्धा तास चालायचं."

"मी काय कमी चालते? घरात, परसात, शेतात."

"ते काम झालं. बिनकामाचं चालायचं."

बिनकामाचं! ती कर्जतमध्ये राहणारी. तिला काय ठाऊक, आमच्या गावात बाई बिनकामाची रस्त्यानं चालत नाही. पाच पावलं टाकली की कुणीतरी विचारतं, "कुठं चालली गं?" त्याला उत्तर असावं लागतं. दळणाला, दुकानात, शेतावर, मयताला. "चालायला" हे उत्तर नव्हे. ते विकेंडला फार्महाउसवर येणारे लोक करतात, कानात वायर घालून.

त्यात तिनं सांगितलं की अनवाणी किंवा चपलेत नको, पायाला जखम झाली तर साखरेत भरून येत नाही. मुलानं मला बूट आणून दिले, निळे, पांढऱ्या नाडीचे. साडीखाली बूट घालून मी पहिल्या दिवशी निघाले तर नळावरच्या बायका हसायला लागल्या. "आज्जीला शाळेत घातली काय गं?" मी तिथूनच माघारी वळले.

मग मला युक्ती सुचली. मी कळशी घ्यायला लागले. रिकामी कळशी कमरेवर घेतली की कुणी काही विचारत नाही. गावात नळ आले आहेत, पण नळाला पाणी नसतं तेव्हा बायका अजून जुन्या विहिरीवर जातात. ती विहीर गावाबाहेर, रस्त्याला लागून, चालत पंधरा मिनिटांवर. मी कळशी घेऊन विहिरीपर्यंत जायची आणि परत यायची. भरून आणली तर जड, आणि पाणी घरात होतंच. म्हणून रिकामीच नेऊन रिकामीच आणायची. बूट साडीत झाकले जायचे. रोज सकाळी साडेसातच्या सुमारास निघायची.

आणि चालण्यानं फरक पडला हे मला खरं सांगायला हवं. पहिला आठवडा पाय दुखले. दुसऱ्या आठवड्यात एकदा परत येताना मला भूक लागली. भूक लागली हे कळून मी रस्त्यातच थांबले, इतकं ते नवीन होतं. ताईकडं मी दर आठवड्याला मंगळवारी जायची. ती विचारायची, काल कोणतं काम केलं, करताना कसं वाटलं, गोळी कधी चुकली, तेव्हा मनात काय होतं. मला वाटायचं हे काय औषध आहे, नुसतं बोलणं. पण मी बोलायला लागले. तिनंच ही वही दिली आणि म्हणाली, रोज दोन ओळी लिहा, कुणाला दाखवू नका.

पण बरं वाटायला लागलं तशी लाज वाढत गेली. आधी लाज वाटायलासुद्धा अंगात जोर नव्हता. आता नातीच्या भुवईवरची ती पांढरी रेघ दिसली की मी जेवता जेवता ताट सरकवायची. सून पदराची पुडी बदलायची, नवी साखर बांधायची. मी तिच्या हाताकडं बघत राहायची. खोटं बोलून तीन महिने झाले होते. आता सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं, तेही सांगावं लागणार.

त्यातच जाऊबाईंच्या मुलाचं बघणं ठरलं. मुलगी कळंबची. सकाळी आठला गाडी दारात उभी. सगळे नटलेले, जाऊबाई पुढच्या सीटवर. गाडी वळणावर आली, आणि नेमकी मी समोरून विहिरीकडून परत येत होते, कमरेवर रिकामी कळशी.

गाडी थांबली. जाऊबाई खाली उतरल्या.

"अगं रांडे, शुभ कामाला निघालो आमी, आणि रिकामी कळशी घेऊन आडवी येतेस? भरून आणायला काय झालं तुला? का इहीर आटली?"

मागून त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, चल ना. काकी पाण्याला गेली असंल."

"पाण्याला गेली तर पाणी कुठं हाय?"

सगळी गाडी माघारी वळली. घरात जाऊन सगळे पुन्हा बसले, दही खाल्लं, आणि अर्ध्या तासानं निघाले. मुलीकडच्यांनी नंतर नकार कळवला. त्यांना मुंबईत नोकरी करणारा हवा होता. पण गावात बोललं गेलं ते कळशीबद्दल. मी चालणं बंद केलं.

खरा फटका पुढं बसला. जाऊबाईंचा राग उतरला, मग त्यांनी विचार केला आणि त्या घाबरल्या. त्यांनी माझ्या सुनेला परसात बोलावून हळू आवाजात सांगितलं. मी चुलीपाशी होते, खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू आलं.

"तुझी सासू महिनाभर रोज रिकामी कळशी घेऊन इहिरीवर जाते आणि रिकामीच येते. मी बघितलंय. पाणी आणत नाय. मंग जाते कशाला? तूच इचार कर. त्या बाईचं मन बरं नाय. नजर ठेव गं बाय."

सून आत आली तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तिनं मला काही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कळशी दिसेना. मी परसात गेले तरी ती मागून यायची, नात काखेत घेऊन. त्याच आठवड्यात कंपनीतून फोन आला. एक तारखेपासून यायचं असेल तर ये, नाहीतर जागा दुसरीला देतो. मी ऐकत होते. सून म्हणाली, "नाय जमणार. घरी आजारी हायत." फोन ठेवून ती झोळी हलवायला लागली. झोळी रिकामी होती. नात जमिनीवर खेळत होती.

एक तारखेला बारा दिवस होते.

मंगळवारी मी ताईला सगळं सांगितलं. दुपारी मी जागी होते इथपासून कळशीपर्यंत. सांगताना मी एकदाही वर बघितलं नाही. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा म्हणेल की जाऊ दे मावशी, आजारात होतं असं. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. म्हणाली, "न उठणं हा आजार होता. साखर उतरली म्हणणं हा आजार नव्हता."

मी म्हटलं, "व्हय."

"डॉक्टरांना आजच सांगायला हवं, गोळीचा प्रश्न आहे. ते मी तुमच्याबरोबर येऊन सांगते. सुनेला कोण सांगणार?"

मी म्हटलं, तुमीच सांगा. ती म्हणाली, "मी बसेन तुमच्या शेजारी. पण सांगणार नाही." मी म्हटलं, मग घरीच सांगते.

डॉक्टर रागावले. रागावणारच. त्यांनी गोळी पूर्वीसारखी केली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं असेल हे अजून माझ्या मनात येत राहतं.

घरी आल्यावर दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी सून सुपात तांदूळ घेऊन खडे काढत बसली होती, नात तिच्या मांडीला टेकून. मी समोर जाऊन बसले. म्हटलं, "तू एक तारखेपास्नं कामावर जा."

"आणि हिला कोण बघंल? तुमाला चक्कर आली म्हंजे?"

"मला चक्कर येत नाय. त्या दिवशी पण आली नव्हती. साखर उतरली नव्हती माझी. मी पडून व्हते."

तिचा हात सुपात थांबला. "झोप लागली व्हती?"

इथं मला "हो" म्हणता आलं असतं. झोप ही खोट्यातली सगळ्यात लहान गोष्ट होती, आणि तिनंच ती माझ्यापुढं ठेवली होती. मी म्हटलं, "नाय. जागी व्हते."

"म्हंजे ती रडत व्हती ते ऐकू येत व्हतं?"

"व्हय."

"किती वेळ रडत व्हती?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, ताईनंही नाही. मी म्हटलं, "लई वेळ."

तिनं सूप बाजूला ठेवलं, पोरीला उचललं आणि आतल्या खोलीत गेली. दार लावलं नाही, पण पडदा ओढला. मी तिथंच बसून राहिले. उरलेले तांदूळ मीच निवडले.

पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वेळेवर यायचं, गोळी ताटाच्या कडेला असायची. मुलाला तिनं काही सांगितलं असावं, कारण तो माझ्याकडं बघायचा आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघायचा. आमच्या ह्यांनी एका सकाळी माझे निळे बूट फडक्यानं पुसून दारात ठेवले. मी त्या दिवसापासून पुन्हा चालायला लागले, कळशीशिवाय. "कुठं चालली गं?" असं विचारलं की मी म्हणायची, "साखरेसाठी डॉक्टरनं सांगितलंय." हे तरी खरं होतं, अर्धं.

सहाव्या दिवशी सून म्हणाली, "मी एक तारखेला जाणार."

मी मान हलवली.

"तुमच्यासाठी नाय जात. मला जायचं हाय म्हणून जाते. आणि हिला तुमच्याकडंच ठेवीन असं नाय. मोठ्या सासूबाईंशी बोलले मी. चहाच्या सुट्टीत मी फोन करीन. आज कसं हाय ते सांगायचं. बरं नसंल तर बरं नाय म्हणायचं. साखर बिखर सांगायचं नाय. बरं नसंल त्या दिवशी हिला तिकडं द्यायचं. तुमी उचलून द्यायचं, त्यांनी येऊन न्यायचं नाय."

"त्यांना काय सांगू?"

"ते तुमचं तुमी बघा."

म्हणजे जाऊबाईंनाही सांगावं लागलं. मी त्यांच्या ओट्यावर गेले आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की त्या दिवशी साखर वगैरे काही नव्हतं, मन बरं नव्हतं, म्हणून उठले नाही, आणि विहिरीवर जात होते ते चालायला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मी तुला अर्धा किलो साखर फुकट खायला घातली."

मी ओट्याच्या कडेला बसले.

"आणि कळशी? ती पण चालायला?"

"व्हय."

"आणि माझ्या पोराचं लगीन मोडलं." त्या हसल्या नाहीत, पण खूप रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "मलाबी बाळंतपणानंतर असंच झालं व्हतं. दूध पाजायला उठवत नसे. कुणाला बोलले नाय." आणि उठून आत गेल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

सून कामाला लागून आता दीड महिना झाला. फोन साडेदहाला येतो. पहिले कितीतरी दिवस मी "बरं हाय" म्हटलं आणि ते खरं होतं. नातीला भरवलं, तिच्या मागं मागं अंगणात फिरले. मला वाटायला लागलं होतं की आता हे संपलं.

मागच्या गुरुवारी संपलं नव्हतं. कारण काही नव्हतं. सकाळीच अंग भिजलेल्या पोत्यासारखं. सून जाईपर्यंत मी कशीबशी उभी होते. नात पायाला धरून उभी राहत होती, "आई आई" म्हणत होती. ती मलाही आईच म्हणते. मी चटईकडं बघितलं. साडेदहापर्यंत थांबावं, आत्ताच कशाला, कदाचित बरं वाटेल, असं मनात आलं. मग मी थांबले नाही. तिला उचललं, दुधाची बाटली घेतली आणि जाऊबाईंच्या घरी गेले. समोरच्या नळावर त्याच बायका होत्या. एकीनं विचारलं, "काय गं, नातीला घेऊन कुठं?" मी म्हटलं, "ठेवायला. आज मला बरं नाय." एवढं मोठ्यानं मी गावात कधी बोलले नव्हते.

जाऊबाईंनी पोरीला घेतलं. "जा," म्हणाल्या, "गोळी खा आणि पड. दार उघडं ठेव."

साडेदहाला फोन आला. मी म्हटलं, "आज बरं नाय. तिला दिलीय तिकडं." पलीकडं कंपनीचा आवाज येत होता. सून म्हणाली, "कधी दिली?" मी म्हटलं, "तू गेलीस तशी." ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

मी चालायला गेले नाही. चार वाजेपर्यंत पडून होते. संध्याकाळी सून बसमधून उतरून आधी तिकडं गेली, पोरीला घेतलं, मग घरी आली. माझ्याकडं न बघता विचारलं, "जेवलात?"

"नाय."

तिनं सकाळची भाकरी तव्यावर टाकली. एका हातानं पोर, एका हातानं भाकरी. मी म्हटलं, "दे तिला माझ्याकडं." तिनं थोडा विचार केला. मला तो विचार दिसला. मग म्हणाली, "असू दे. आज नको," आणि ताट माझ्यापुढं सरकवलं. मी जेवले.